चौदा नंबरची पेटी

दादा न्यूझीलंडला गेला तेव्हा आमच्या घरातली तांब्यापितळेची भांडी त्याच्याबरोबर गेली, शिसवी पाट गेले, आईचा पाटा-वरवंटा गेला आणि माझं डी.एड. गेलं. पाटा-वरवंटा घेऊन समुद्र ओलांडणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पण सामान न्यायचा खर्च तिकडची कंपनी करणार होती, आणि दुसरं कुणी वाहून नेतंय म्हटल्यावर आपल्या माणसांना काय काय लागतं ते मला तेव्हा कळलं. पुरणयंत्र लागतं. सोऱ्या लागतो. आजोबांच्या वेळचं घंगाळ लागतं, जरी तिकडं नळाला गरम पाणी येतं हे दादाच आम्हाला फुशारकीनं सांगत होता. गोठा तेवढा राहिला, कारण तो पेटीत मावत नव्हता.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. दौंडजवळच्या एका दूध कारखान्यात तो बॉयलर आणि दूध थंड ठेवायची यंत्रं बघायचा. वहिनीचं माहेर दौंडातच, म्हणून दोघांनी तिथंच बिऱ्हाड केलं होतं. न्हावऱ्यात आम्ही तिघंच, आप्पा, आई आणि मी. मी अकरावीत असताना आप्पांची डावी बाजू गेली. तेव्हापासून ते ओसरीवरच्या बाजेवर असत आणि उजव्या हातातल्या काठीनं बाजेच्या खुरावर ठोकून बोलवत. एकदा ठोकलं की पाणी, दोनदा ठोकलं की कूस बदला. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे ती काठी. पहाटे म्हशींच्या साखळ्या वाजायच्या, मग चरवीत धारेचा आवाज, मग आईच्या भाकरीचा थापटा, आणि या सगळ्यात मधूनमधून ती काठी. आईची बाजरीची भाकरी पापुद्र्यासकट फुगायची. हुलग्याची शेंगोळी ती असली करायची की शेजारच्या बाया वाटी घेऊन यायच्या. मला आईचा राग आहे, तो पुढे येईलच, पण शेंगोळीबद्दल खोटं बोलणार नाही.

त्या वर्षी मी बारावी झाले होते. मार्क चांगले होते. शिरूरच्या डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं होतं, हजर व्हायचं पत्र आलं होतं, आणि ते मी आप्पांना दोनदा वाचून दाखवलं होतं. त्यांना नीट बोलता यायचं नाही, पण त्यांनी उजव्या हातानं माझं डोकं थोपटलं. आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण आपल्याला हवं असलं की माणूस बघू म्हणजे होच धरतो.

पुढच्या रविवारी दादा आला. येताना केडगावच्या स्टेशनावरून भेळ घेऊन आला, जे तो कधी करायचा नाही. जेवण झाल्यावर त्यानं मला ओसरीवर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. तो आणि वहिनी दोन महिन्यांत जाणार. तिकडं तो स्थिर झाला की वर्षभरात मला बोलावणार, कंपनीचा साहेब कागदपत्रांना मदत करतो म्हणाला आहे. तिकडं शिक्षिकेला मोठा मान असतो. मग इथं दोन वर्षं डी.एड.मध्ये का घालवायची, अर्धवट सोडून यावं लागेल, जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे.

"आन् तुझं सामान आत्ताच आमच्यासंगं जाऊ दे," तो म्हणाला. "मागनं तू नुसती एक बॅग घेऊन ये."

या एका वाक्यानं मी गेले. नुसतं नेतो म्हणाला असता तर कदाचित मी विचार केला असता, माणसं बोलतातच. पण सामान आधी धाडायचं म्हणजे गोष्ट पक्की. ज्याची गोधडी गेली तो मागे राहतो का कुठं? लग्न ठरलेल्या मुलीचं रुखवत मांडावं तसं मला वाटलं. मी डी.एड.ला हजर झाले नाही. मुदत गेली त्या दिवशी मी गोठा धूत होते आणि चक्क गाणं म्हणत होते. आता आठवलं की त्या मुलीच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग महिनाभर घरात नुसतं बांधणं चाललं. आता आमच्या तळेगावात, म्हणजे मी लग्न होऊन आले त्या तळेगाव ढमढेऱ्यात, शेजारचा मुलगा गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियाला गेला. एकसारखे शर्ट घातलेली चार माणसं आली, प्रत्येक कपाला वेगळा कागद गुंडाळला, फुग्याफुग्याचं प्लास्टिक लावलं आणि दुपारच्या चहापर्यंत घर मोकळं. मी दारात उभी राहून बघत होते. शेजारीण म्हणाली, काय ओ रंजनाताई, असं काय बघताय? मी म्हटलं, काही नाही, छान बांधतात. आमच्याकडं असलं काही नव्हतं. गावच्या सुतारानं आंब्याच्या फळ्यांच्या पेट्या ठोकल्या, कडेला साल तशीच. भांडी फुटू नयेत, त्यांना पोचे पडू नयेत म्हणून मधे काय घालायचं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. गव्हाचा भुसा. अंडी भुशात राहतात, काचेच्या बरण्या भुशात राहतात, मग घंगाळ का राहणार नाही? मी पोती भरभरून भुसा आणला, चाळणीनं चाळला, उन्हात वाळवला आणि प्रत्येक भांड्याच्या पोटात दाबून भरला. आईनं वहिनीसाठी नवं सूप आणि दोन टोपल्या दिल्या. नवं सूप तसंच कुणी देतं का, तिनं ते शेणाच्या आणि मेथीच्या लगद्यानं दोन्ही बाजूंनी गुळगुळीत सारवून दिलं. हातभर पसरलेलं ते सूप उन्हात वाळत होतं आणि आई त्याच्याकडं अशी बघत होती की जणू त्याच्यावाचून न्यूझीलंडात कुणाचे तांदूळ निवडून व्हायचे नाहीत.

मी दादाला विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर सगळे विसरले. तो मधे एकदा आला तेव्हा मी विचारलं, दादा, सामानाचे काही नियम हायत का, काय चालतं काय न्हाई? तो आप्पांच्या बाजेवर बसून दाढीवरून हात फिरवत होता. म्हणाला, भर गं तू, काय होत न्हाई.

माझं इंग्रजी अक्षर चांगलं म्हणून पेट्यांवरची नावं आणि आतल्या वस्तूंची यादी माझ्याकडं. काळ्या रंगात ब्रश बुडवून मी प्रत्येक पेटीवर नंबर, दादाचं नाव आणि न्यूझीलंड असं लिहिलं. तेरा पेट्यांवर दादाचं. चौदाव्या पेटीवर माझं. ते लिहिताना ब्रशला रंग जास्त लागला आणि नावातलं शेवटचं अक्षर खाली घसरलं. त्या पेटीत मी काय घातलं ते अजून पाठ आहे. आईच्या जुन्या लुगड्यांची मी शिवलेली गोधडी. लोखंडी तवा. तिकडं थंडी असते म्हणून स्वतः विणलेला करडा स्वेटर. बारावीची इंग्रजीची वही, शब्दकोश, आणि मोत्यांचं तोरण. तोरण कशाला, तर तिकडं माझ्या खोलीला दार असेल म्हणून. न्हावऱ्यात मला खोली नव्हती, मी धान्याच्या कणग्यांपाशी झोपायचे.

सामान आधी दौंडला जाणार होतं. तिथं दादाच्या बिऱ्हाडातलं आणि वहिनीच्या माहेरचं सामान त्यात मिळवायचं, आणि मग मुंबईहून कंपनीची गाडी येऊन सगळं एकदम नेणार. टेम्पो आला तेव्हा मला दौंडपर्यंत जायचं होतं. पेटी मोठ्या गाडीत चढलेली डोळ्यांनी बघायची होती. पण धाकटी म्हैस व्यायला झाली होती, आणि आई म्हणाली, तू गेलीस तर आप्पांना कोण बघणार. मी राहिले. टेम्पो पारगावच्या पुलाकडं वळेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते. संध्याकाळी म्हैस व्याली, दुसऱ्या दिवशी आईनं खरवस केला आणि मला एकटीला मोठी वाटी भरून दिला. केव्हा नव्हे ते वेलची घालून.

दादा गेला. मुंबईला पोचवायला वहिनीच्या माहेरची माणसं गेली, आम्ही आप्पांमुळे नाही. मग तीन महिने काही नाही, एक पत्र सोडून. मी इंग्रजी बोलायचा सराव म्हशींबरोबर करायचे. गावात सगळ्यांना कळलं होतं, कारण मीच सांगितलं होतं. डेअरीत दूध घालायला गेले की बाया म्हणायच्या, आली बाई न्यूझीलंड. तेव्हा ते ऐकायला गोड वाटायचं.

आमच्याकडं फोन नव्हता, डेअरीच्या ऑफिसात होता. एका सकाळी निरोप आला की दादाचा फोन येणार आहे. मी भाकरी तव्यावर टाकून धावले. आईही मागून आली, पण ती दारातच थांबली, आत आली नाही. तेही माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दादाचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता, पण राग स्वच्छ ऐकू येत होता. त्यानं सांगितलं की सामान बंदरावर अडकवून ठेवलं होतं. तिकडं बाहेरचं गवत, भुसा, साल असलेलं लाकूड काही म्हणजे काही चालत नाही, त्यातून कीड येते म्हणतात. त्यांनी एकेक पेटी फोडली. शेणानं सारवलेलं सूप बघून तिथली माणसं तोंडाला फडकी बांधून लांब उभी राहिली. अर्धंअधिक सामान जाळलं. कंपनीच्या साहेबाला मधे पडावं लागलं, आणि दादाला साऱ्या ऑफिससमोर मान खाली घालावी लागली.

मी म्हटलं, मला काय ठाऊक, तू काही सांगितलं नाहीस. तो म्हणाला, कागदावर सगळं लिहिलेलं होतं की. कुठल्या कागदावर, मी विचारलं. दौंडला होता माझ्यापाशी, तो म्हणाला, आणि एवढं सांगायला लागतं का माणसाला.

"माझी पेटी?" मी विचारलं.

"तीबी गेली त्यातच. आन् आता तुझ्या कागदाचं मी साहेबाला कुठल्या तोंडानं इचारू? एवढा घोळ करून ठेवलास तू."

फोन ठेवल्यावर मी तिथंच बाकावर बसले. डेअरीचा कारकून दुधाचे फॅट मोजत होता, त्यानं मान वर केली नाही. आई दारातून म्हणाली, चल, झालं ते झालं. मी घरी आले तर तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती. आप्पा दोनदा ठोकत होते.

पुढची दोन वर्षं मी स्वतःला खाल्लं. दुसरा शब्द नाही. कुणी बोललं नाही तरी मीच बोलायचे, माझ्याच हातानं मी भुसा भरला, चाळून, वाळवून, दाबून. गोठ्यात गव्हाणीत भुसा टाकताना मी तोंड फिरवायचे. डी.एड.च्या त्या वर्षीच्या मुली पास होऊन शाळांवर लागल्या. त्यातली एक आमच्याच गावच्या शाळेत आली, आणि डेअरीतल्या बाया तिच्यासमोर मला न्यूझीलंड म्हणायच्या. आता ते गोड वाटत नव्हतं. मी पुन्हा अर्ज करायचं मनातही आणलं नाही. एवढी साधी गोष्ट जिला कळली नाही तिनं पोरांना काय शिकवावं, असं मला खरोखर वाटायचं. आई मला त्या दिवसांत कधी टाकून बोलली नाही. उलट जेवताना दह्यावरची साय माझ्या ताटात सरकवायची. मला वाटायचं, केवढं मोठं मन हिचं.

मग वहिनीच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. दादा-वहिनी येऊ शकत नव्हते, म्हणून आमच्याकडून मी गेले. एस.टी.नं केडगाव, तिथून रेल्वेनं दौंड. वहिनीची आई, तिला आम्ही दौंडच्या मावशी म्हणतो, बाई मनानं वाईट नाही. मी गेल्या गेल्या तिनं चहा दिला, हातात विळी दिली आणि म्हणाली, पोह्यांना कांदा चिरायचाय, मागच्या खोलीत पेटीत हाय बघ, काढ आठ-दहा.

मागच्या खोलीत अंधार होता. पेटीवर फुलाफुलाचं प्लास्टिक टाकलेलं आणि वर मिक्सर. मिक्सर खाली ठेवला, प्लास्टिक बाजूला सारलं. झाकण उचलायला वाकले तर समोर माझं नाव. घसरलेल्या शेवटच्या अक्षरासकट. खाली न्यूझीलंड. कोपऱ्यात चौदा. मी ते बोटानं पुसून बघितलं, का ते मला सांगता येणार नाही. पेटीला कुठं फोडल्याची खूण नव्हती, जळल्याची तर नाहीच. आत कांदे होते. कांद्यांखाली भुसाही तोच होता, मी चाळलेला.

मी मावशीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि मी विचारलं, ही पेटी इथं कशी. तिला प्रश्नच कळेना.

"अगं ती गेलीच कुठं व्हती? गाडी आली तवा जावई म्हणले, ही इथंच ऱ्हाऊ द्या, रंजीला काय न्यायाचं न्हाई तिकडं. तुझ्या आईला निरोप धाडला मी, पेटीचं काय करू म्हणून. ती म्हणली, वापरा. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, माहीत आहे, विसरले होते. हे का म्हटलं? लाज वाटली म्हणून. फसवणारे दोघं, आणि लाज मला. स्वेटर वहिनीच्या बहिणीनं घालून घालून कोपराला झिजवला होता. तोरण त्यांच्या पुढच्या दाराला होतं, मी येताना त्याच्याखालूनच आत आले होते आणि बघितलंही नव्हतं. मी आठ-दहा कांदे घेतले आणि चिरायला बसले. त्यांचा तेवढा एक उपयोग झाला.

लग्न होईपर्यंत मी थांबले. पंगतीत वाढलं, वऱ्हाडाच्या पाया पडले, नवरीला उखाणा सुचवला. आता वाटतं तिथंच भर मांडवात ती पेटी आणून उलटी करायला हवी होती. पण आमच्या घरच्या मुली मांडवात तमाशे करत नाहीत, एवढं मात्र मला आईनं नीट शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हावऱ्याला उतरले. आई अंगणात जुन्या सुपानं बाजरी पाखडत होती. आप्पा झोपले होते. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हटलं, चौदा नंबरची पेटी दौंडात आहे, त्यात कांदे भरलेत. तिचा हात थांबला नाही. सूप वर, खाली, वर, खाली, कोंडा उडत होता. मी म्हटलं, दादा खोटं बोलला, आणि तुला माहीत होतं. ती म्हणाली, व्हय. एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल, शपथा घेईल, दादाला शिव्या तरी घालेल. मग मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अजून माझी मला लाज वाटते, आणि अजून त्यातला एक शब्द परत घ्यावासा वाटत नाही. दोन वर्षं मी गुन्हेगारासारखी वावरत होते आणि तू मला साय वाढत होतीस, हे मात्र मी म्हटलं.

तेव्हा तिनं सूप मांडीवर ठेवलं. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कोंडा बसला होता. ती आवाज न चढवता बोलली, जसं ती म्हशीच्या गाभाचं बोलायची तसं.

"तुझ्या आप्पाला उलथाया दोन माणसं लागत्यात. मी एकलीनं काय केलं असतं? दादाला मीच म्हणले, कायबी सांग पर हिला थांबीव."

"मग मला सांगायचं तसं. न्यूझीलंडचं स्वप्न कशाला दाखवलंस?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

मी पिशवी खाली ठेवली. या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. आप्पांना जाऊन वीस वर्षं झाली, आई माझ्या मांडीवर गेली, तिचं सगळं मी केलं, दादा दहाव्यालाही पोचला नाही, आणि उत्तर मला अजून येत नाही. कधी वाटतं थांबले असते, आप्पांसाठी. कधी वाटतं मागे वळून बघितलं नसतं. ते ठरवायची माझी पाळी होती आणि ती मला कुणी दिली नाही, माझा राग तेवढाच आहे. दादाचा आता दर रविवारी व्हिडिओवर फोन येतो, तो नातवंडं दाखवतो, मी बघते.

त्या दुपारी मी आईला एवढंच म्हटलं, की मला परदेशात न्यायचं नव्हतं तर नव्हतं, मी कुठं हट्ट धरला होता. तिनं सूप परत हातात घेतलं.

"न्यूझीलंडाचं मला कवाच भ्याव नव्हतं," ती म्हणाली. "तिकडं तू कशी जाणार व्हतीस? भ्याव शिरूरचं व्हतं."

शिरूरची एस.टी. आमच्या घरासमोरून जायची. हात केला की थांबायची.